राहून बघू

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी वापरून बघितल्याशिवाय येत नाही. हा नियम बायकोचा. पलंग घेतला तेव्हा दुकानदाराला गोड बोलून तिने तो आठ दिवस घरी आणून ठेवला, त्यावर आम्हा दोघांना झोपवलं आणि नवव्या दिवशी परत पाठवला. दुकानदार अजून मला रस्त्यात ओळख देत नाही. मला मात्र तिने न वापरताच घेतलं. एकतीस वर्षं झाली. त्या अनुभवातूनच हा नियम निघाला असणार, असं आमच्या लेकीचं मत आहे.

तेव्हा दुसऱ्या रेल्वेमार्गाच्या टोकाचं आमचं भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं आणि आम्हाला नवं घर शोधायची वेळ आली, तसं ती म्हणाली, "राहून बघू."

पसंतीला दोनच गावं उरली होती आणि दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर. बायको शहरातल्या दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. शहरातून निघालं की चाळीस मिनिटांवर मधलं गाव. तिथून पुढे एक तास वीस मिनिटं गेलं की समुद्राचं गाव, तिथे रूळ संपतात. मी घड्याळं दुरुस्त करतो. मला एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग मिळालं की जगात कुठेही बसवा. मला समुद्र हवा होता. लहानपणापासून हवा होता. आता साठी जवळ आली, यापुढे कधी? बायकोच्या निवृत्तीला आठ वर्षं होती.

"तुम्हाला हवाय ना, मग बघू या," ती म्हणाली. दोन्ही घरमालकांनी आठ-आठ दिवस राहू दिलं. कुठलं घर घेणार ते तिसऱ्या सोमवारी सांगायचं ठरलं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, नाणं उडवा आणि मोकळे व्हा." पण नाणं उडवणाऱ्यातली तिची आई नाही.

पहिला आठवडा समुद्राचा. घरापासून पाच मिनिटांवर वाळू. मी सकाळी जायचो, दुपारी जायचो, संध्याकाळी पुन्हा. एकदा तर एका गिऱ्हाइकाचं घड्याळ खिशात घेऊन गेलो आणि ते दुरुस्त करायचंच विसरलो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा जवळूनही साजरा होता. खोटं कशाला बोलू, चौथ्या दिवशी माझ्या बारीक चिमट्यांवर तांबूस ठिपके दिसले. खारी हवा! मी ते गुपचूप तेलाने पुसले आणि मूग गिळून बसलो.

बायको पहाटे पाचला निघायची, थेट गाडी उशिराची म्हणून रात्री साडेआठला यायची. "हवा छान आहे," एवढंच म्हणायची. रविवारी म्हटलं, आता दोघं जाऊ. ती बाराला उठली, जेवली, "पाच मिनिटं पडते" म्हणाली आणि संध्याकाळी सहाला दिवा लावायला उठली. म्हणजे हिशेब असा, की समुद्राच्या गावात आठ दिवस राहून माझ्या बायकोने समुद्र फक्त ऐकला.

दुसरा आठवडा मधल्या गावात. काय सांगू! ना शेंडा ना बुडखा असं गाव. घर धोब्याच्या दुकानावर, खिडकीतून समोर सायकली ठेवायचा तळ आणि स्टेशनचा जिना. दिवसभर इस्त्रीची वाफ वर यायची. पहिल्याच दिवशी मी मनातल्या मनात या घरावर काट मारली.

संध्याकाळी सहाला कडी वाजली. मला वाटलं धोबी. दारात बायको उभी. उन्हं अजून भिंतीवर होती.

"काय झालं? बरं नाही का?" मी विचारलं.

"अहो, काय व्हायचंय? सुटले, आले."

मग आम्ही भाजी आणायला गेलो. रस्त्याने चालताना बायको दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचते. लग्न झालं तेव्हा वाचायची, मी विसरलोच होतो. समोरून कोणी हसत आलं की त्याच्या दातांबद्दल हळूच मत देते. "वरची पूर्ण कवळी. बसवणाऱ्याने घाई केलीय." एका तोंडल्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिच्या डाव्या कानामागचे केस पार पांढरे झालेत, हेही मला तेव्हा दिसलं. कधी झाले कोण जाणे. आमच्या जुन्या घरीही ती अंधारात जायची आणि अंधारात यायची. रविवार धुण्यात आणि झोपण्यात जायचा.

रोज सहाला कडी वाजू लागली. पावणेसहा वाजले की माझं लक्ष कामातून उडायचं. पण हे बायकोला सांगितलं तर समुद्र हातचा जाणार, म्हणून मी गावाला नावं ठेवत राहिलो.

एकाआड एक शनिवारी तिचा अर्धा दिवस; मागचा पूर्ण होता, हा अर्धा. सव्वादोनला यायला हवी होती. अडीच झाले, तीन झाले. फोन लावला, उचलेना. गाडीत डोळा लागावा म्हणून ती फोनचा आवाज बंद करते, हे ठाऊक असूनही मी तीनदा जिना उतरून स्टेशनवर जाऊन आलो. धोबी म्हणाला, "काका, येतील हो." त्याला काय जातंय म्हणायला!

पावणेचारला तिचा फोन आला. आवाज अगदी लहान झालेला.

"अहो, रागावू नका. मी समुद्रावर आहे."

मी कपाळाला हात लावला. झालं होतं असं: या आठवड्यात ती रोज धरायची ती गाडी मधल्या गावापर्यंतच धावते. शनिवारची दुपारची गाडी थेट शेवटपर्यंत जाते. बाईसाहेबांना खिडकी मिळाली, डोळा लागला. गाडी शेवटच्या स्टेशनात थांबली की जागं व्हायचं, अशी इतक्या वर्षांची अंगवळणी पडलेली सवय. मधल्या गावात गाडी थांबली, निघाली, हिला पत्ता नाही.

"तिथेच बस. हलू नकोस. मी येतो," मी ओरडलो. खरं तर तिला परतीची गाडी धरता आली असती. ते मला गाडीत बसल्यावर सुचलं.

ती वाळूजवळच्या बाकावर बसली होती, चपला काढून. ऊन कलतं होतं. तिच्या गालावर खिडकीच्या गजाचा वळ अजून होता. जीव भांड्यात पडला माझा, म्हणून आधी चार शब्द सुनावले. तिने ते ऐकूनही घेतले नाहीत.

"अहो, केवढा आहे हा!" ती म्हणाली. "तुम्ही सांगत होतात, पण केवढा आहे!"

मी शेजारी बसलो. पाणी मागे जात होतं, मुलं त्यामागे धावत होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली संध्याकाळ असेल.

मग ती म्हणाली, "हेच घर घेऊ. ठरलं. किती वर्षांचं मनात आहे तुमच्या. आठ वर्षं काय, बघता बघता जातील. मी गाडीत झोपेन. इथे तर शेवटचं स्टेशन, चुकायची भीतीच नाही."

मनासारखं झालं होतं. नुसती मान हलवायची होती.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही समुद्र बघा की."

"एकट्याने काय बघायचाय समुद्र!" मी इतक्या जोरात बोललो की शेजारच्या बाकावरचे आजोबा वळले. "मागच्या आठवड्यात बघितला एकट्याने. छान आहे. पण रोज घरी आल्यावर सांगायला कोणी नव्हतं. तू यायचीस आणि ताटावर पेंगायचीस. मला हा तुझ्याबरोबर बसायला हवा होता. तू इथे फक्त झोपायला येणार असशील, तर काय करायचंय मला त्याचं?"

मी फोन काढला आणि तिच्या देखत समुद्राच्या घरमालकांना सांगितलं की आम्हाला घर नको. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर मला मोह झाला असता. फोन खिशात टाकला आणि पाण्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"वेडे आहात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला ते गाव मुळीच आवडत नाही. ती वाफ, तो सायकलींचा तळ. आठ वर्षं कुरकुर कराल."

"करणारच," मी म्हटलं. "पण तू घरी असशील ना ऐकायला."