मला घासायला कुणी सांगितलं होतं?

मित्रांनो, तांब्याचा एक जुना पत्रा आज तुमच्याशी बोलतो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी मऊ आवाजात सांगतात म्हणे. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. मी रागावलेलो आहे.

वर्ध्याला भैयाजींचं भांड्यांचं दुकान आहे. माझे भाऊबंद तिथे घागरी-गंगाळं झाले, मी मात्र कोपऱ्यात पडून होतो. मला त्यांच्या सुनेने, रंभाने, उचललं. ती अल्लीपूरच्या भाजी पिकवणाऱ्या घरातली. पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापायची विद्या ती नागपुरात शिकली होती. माहेरहून तिने वाळलेला दोडका आणला होता. साल काढली की आत धाग्यांची जाळी दिसते ना, तीच तिला माझ्यावर हवी होती.

तिने मला मेणाचा लेप दिला, त्यावर सुईने एकेक धागा ओढला आणि मला आम्लात बुडवलं. सुई फिरली तिथे तिथे आम्लाने मला खाल्लं. अंगाची नुसती आग झाली, पण तक्रार केली असेल तर शपथ! घरचं सगळं आवरून ती माझ्यापाशी बसायची. असे सात महिने गेले. मग रेषांत काळी शाई भरून तिने तीन कागद छापले. नागपूरच्या प्रदर्शनाला एकसारखे दहा हवे होते. तिचं ते आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन.

ही १९९८ सालची गोष्ट. धनतेरस तोंडावर आली. भांडेवाल्याच्या घरात त्या दिवशी तांब्या-पितळेवर डाग दिसला तर नाक कापलं जातं. रंभा उरलेल्या छापांसाठी कागद आणायला नागपूरला गेली होती. तिच्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, मला फळीवरून खाली काढलं. चिंच, राख, विटेची भुकटी, आणि घासायला काय घ्यावं? तोच दोडका! दुपारभर रगडलं मला. माझ्या बारीक रेषा मोरीत वाहून गेल्या.

रंभा परतली आणि मला उजेडात धरून रेषा शोधू लागली.

"काळाठिक्कर पडलाता, म्हून चमकावला. काऊन, चुकलं का?" वच्छलाबाई म्हणाल्या.

भैयाजींनी समजूत घातली, असे दहा पत्रे देतो म्हणाले.

"पत्रा द्यान, मामाजी. माहे सात महिने कोन देईन?"

मग तिने रागारागाने मला शाई फासली, छापलं, आणि तो कागद जुन्या छापाशेजारी सासूपुढे ठेवला. जुन्यावर भरगच्च जाळी, नव्यावर चार-पाच जाड रेघा. वच्छलाबाईंनी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं.

"हे सारं म्याच पुसलं?"

"हो, आई."

तीन छापांवर प्रदर्शनवाल्यांनी नकार कळवला.

आता वच्छलाबाई साधी पळी घासायची तरी सुनेला विचारतात. घरातले कौतुक करतात. मला नाही कौतुक! मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मळकी दिसली तर हात लावण्याआधी विचारा. माझ्या वेळी रंभा सोडून त्या घरात पाच माणसं होती, 'हा कुणाचा?' असं एकानेही विचारलं नाही.