मोरीकडच्या पायाखालचे तीन पत्रे

मित्रांनो, आधी बाह्या कोपरापर्यंत दुमडा, गळ्यातला रुमाल काढून ठेवा आणि मगच माझ्याजवळ या. मी एक जुना लेथ आहे. लोखंडाचा गज तोंडात धरून गरगर फिरवायचा आणि पोलादी हत्याराने तो गोल, गुळगुळीत कातून द्यायचा, हे माझे काम. माझ्या तोंडाला चक म्हणतात. त्याच्या मनात कुणाविषयी वाईट नसते. पण लोखंड कुठले आणि लोंबती बाही कुठली, हे त्याला कळत नाही. म्हणून आधीच सांगितले.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लालभडक वितळलेले लोखंड, बीड म्हणतात ते, ओतले आणि त्यातून माझे धड निघाले. ज्या लांब पाठीवरून हत्यार पुढेमागे सरकते, ती एका कारागिराने कित्येक दिवस घासून सरळ केली. निरोप देताना त्याने पाठीवर तळवा फिरवला आणि म्हणाला, "सरळ राहा, म्हणजे झालं." तेवढेच मी आयुष्यभर लक्षात ठेवले.

तिथून मी मिस्त्रींच्या घरी आलो. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. मला मागच्या खोलीत बसवले. ती खोली पूर्वी कपडे धुण्याची. कोपऱ्यातली मोरी बुजवली, तरी फरशीचा उतार त्याच कोपऱ्याकडे राहिला. मिस्त्री दोन दिवस माझ्याभोवती गुडघ्यांवर फिरत होते. शेवटी मोरीकडच्या पायाखाली त्यांनी पत्र्याचे तीन तुकडे घातले, दोन पायांखाली एकेक घातला आणि चौथा पाय तसाच ठेवला. माझी पाठ सरळ झाली. त्यांनी बोल्ट आवळले आणि घरादाराला बजावले, की या पत्र्यांना कुणी हात लावायचा नाही. का, ते कुणी विचारले नाही. मिस्त्रींना 'का' विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

पुढची एकतीस वर्षे मी पोटभर काम केले. पंपांचे दांडे, हातगाड्यांचे आस, दवाखान्यातल्या खाटांची चाके, शाळेच्या फाटकाच्या बिजागरीच्या खिळी, सगळे माझ्या तोंडातून गेले. शाळेचे फाटक कुरकुरेनासे झाले तेव्हा मुख्याध्यापक स्वतः मला पाहायला आले होते. मिस्त्रींची मुलगी चिमी उपड्या खोक्यावर उभी राहून कातकाम शिकली. आता ती दोन मुलांची आई आहे, तरी तिला सगळे चिमीच म्हणतात.

मग मिस्त्रींचा उजवा हात थरथरू लागला. एके दिवशी त्यांनी माझे बटण बंद केले, ते पुन्हा लावले नाही. चिमीला त्या खोलीत काम करू देईनात. म्हणायचे, आधी मला बरा होऊ दे. दोन वर्षे अशीच गेली. माझ्या पाठीवर आधी रद्दी आली, मग कांद्यांची टोपली, मग ओल्या छत्र्या. जिथे छत्रीचे पाणी ठिबकले तिथे गंजाचा डाग पडला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

एवढ्यात रस्ता रुंद करायचे ठरले. घर वाचले, पण मागची खोली रस्त्यात जाणार होती. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. मिस्त्रींनी भंगारवाल्याला बोलावले. तो माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, की तोडूनच न्यावे लागेल.

मित्रांनो, चिमी तेव्हा दारातच उभी होती. तिने मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड आधीच भाड्याने घेऊन ठेवली होती. ती म्हणाली, "बाबा, हा माझ्याकडे येतो आहे."

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांचे म्हणणे असे, की तेहतीस वर्षे एका जागी रुजलेले यंत्र हलवले की त्याचा सरळपणा जातो, तो जन्मात परत येत नाही. "उद्या त्याने वाकडं काम दिलं तर नाव कुणाचं जाईल? माझं. त्यापेक्षा तुकडे झालेले परवडले."

"आणि सरळ काम दिलं तर?"

मग अट ठरली. नव्या जागी पहिल्या दिवशी मी एक दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा कातून दाखवायचा. जमले तर मी चिमीचा. नाही जमले तर संध्याकाळी भंगारवाला येणार.

आता मला बाहेर काढायचे होते, आणि पहिली गंमत तिथेच झाली. माझी रुंदी दारापेक्षा वीतभर जास्त निघाली. मी आत आल्यावर मिस्त्रींच्या मेहुण्याने, म्हणजे चिमीच्या गवंडीमामाने, तिथे लोखंडी चौकट बसवली होती. मिस्त्री केसाच्या जाडीचा फरक ओळखणारे, पण दाराला त्यांनी कधी टेप लावली नव्हती.

"दाजी, तुम्ही सांगितलं छोटं दार हवं, वारा येतो. मी केलं छोटं," मामा म्हणाले.

"मेहुणे, माणूस आत कोण आहे ते बघून दार लावतो."

"मला वाटलं, तुम्ही त्याला घरजावई करून घेतलाय."

मिस्त्रींना हसू आले, पण त्यांनी ते खोकून लपवले. मामांनी स्वतः बसवलेली चौकट स्वतःच्या हाताने उखडली आणि भिंतीला भगदाड पाडले.

निघण्याआधी चिमीने माझ्या पायांखालचे पत्रे काढले. प्रत्येकावर खडूने आकडा घातला, कुठला कुठल्या पायाचा तो, आणि ते रुमालात बांधून कनवटीला खोचले. जणू दागिनेच. मग चार हमाल, मामा आणि चिमी कामाला लागले. माझ्याखाली पाइपचे तुकडे घातले. मागून पहारीने रेटायचे, मागचा पाइप मोकळा झाला की पुढे नेऊन घालायचा. माझे वजन टनभर, त्यातही डोके जड आणि शेपूट हलके. एका वेळी वीतभर सरकत होतो. हमाल दमले की चिमी म्हणायची, "पुढच्या विजेच्या खांबापर्यंत, मग चहा." खांब आला की म्हणायची, आता त्या पुढच्या. चहा चौथ्या खांबाला मिळाला.

मिस्त्री रागावून खिडकीत पाठ करून बसले होते. पण घरासमोरच्या उतारावर पहार निसटली आणि मी पुढे घसरू लागलो, तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच ओरडले, "डोक्याकडून ठोकळा लावा." मामांनी ठोकळा सारला आणि मी थांबलो. खिडकीतली पाठ पुन्हा वळली.

नव्या शेडची जमीन मामांनी स्वतः केली होती. सपाटी पाहायची बुडबुड्याची पाणसळ ठेवून त्यांनी ती दाखवली. इकडे नाही, तिकडे नाही, अगदी आरशासारखी. चिमीने रुमाल सोडला आणि आकडे वाचून एकेक पत्रा ज्याच्या त्याच्या पायाखाली सरकवला. मोरीकडच्या पायाखाली तीन. इथे मोरी नव्हती. तिने बोल्ट आवळले, तसा माझ्या पाठीत पीळ भरला. मला ओरडता आले असते तर ओरडलो असतो. पण आम्हा यंत्रांना काम हीच भाषा.

दारात गिरणीवाल्या मावशी येऊन बसल्या होत्या. त्यांच्या पिठाच्या गिरणीचा दांडा तुटला होता. "चार दिवस झाले, गिरणी मुकी आहे. तुझ्या भरवशावर गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. दुपारी मिस्त्रीही आले. एकटे आले, काठी टेकत, आणि मागच्या खोलीतले आपले जुने स्टूल बरोबर घेऊन.

चिमीने गज चकमध्ये धरला आणि मला सुरू केले. दोन वर्षांनी माझ्या अंगातून लोखंडाचा कीस निघाला. पण दोन्ही टोके मापली तर एक जाड, एक बारीक. गजाचे दुसरे टोक धरणारे माझे शेपूट तिने तपासले, ते जागेवर होते. हत्याराला धार लावून तिने दुसरा गज घेतला. तोच फरक. तिसरा घेतला. तोच.

"मी सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

चिमीने घाम पुसला. ती रडली नाही. ती जमिनीवर बसली आणि माझ्या पायांकडे पाहत राहिली. मग तिने त्या घरात तेहतीस वर्षांत कुणी न विचारलेले विचारले.

"बाबा, हे पत्रे कशासाठी होते?"

"कशासाठी म्हणजे? त्याशिवाय तो सरळ बसत नव्हता. मोरीकडं उतार होता, म्हणून मी त्या पायाला..."

मिस्त्री तिथेच थांबले. त्यांनी खालच्या जमिनीकडे पाहिले. मामांनी पाहिले. चिमीने तर पाना उचललाही होता.

"अगं, मग इथे कशाला घातलेस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, हात लावायचा नाही."

"दाजी, मी एवढी सपाट जमीन केली आणि तुमच्या लेकीने त्यावर मोरी आणून ठेवली," मामा म्हणाले. आता मात्र मिस्त्रींना खोकून भागले नाही.

बोल्ट सैल झाले, पाचही पत्रे निघाले. मिस्त्री काठी टाकून गुडघ्यांवर बसले आणि पाणसळ माझ्या पाठीवर ठेवून इंचाइंचाने सरकवत गेले. माझ्या पाठीतला पीळ सुटला. चिमीने चौथा गज धरला. कीस लांबलचक, न तुटता निघत होता. काम थांबले तेव्हा मिस्त्रींनी मापायचे मायक्रोमीटर उचलले. हात थरथरला, तसे त्यांनी ते चिमीला दिले.

"तू वाच. मोठ्याने वाच."

तिने या टोकाचा आकडा वाचला, मग मधला, मग त्या टोकाचा. तिन्ही वेळा एकच. गिरणीवाल्या मावशींना यातले काही कळले नसेल, पण त्या उठून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी भंगारवाला आला. मामांनी त्याला दाराची लोखंडी चौकट दिली.

आता मिस्त्री रोज सकाळी येतात आणि स्टुलावर बसून चिमीच्या चुका काढतात. पहिल्या दिवशी ते स्टूल डुगडुगत होते. त्यांनी त्याचे पाय त्या उतरत्या फरशीच्या बेताने कापले होते, तेव्हा सपाट जमिनीवर ते कसे टिकणार? चिमीने आखूड पायाखाली माझेच तीन पत्रे सारले. हात लावू नका, असे ती कुणाला म्हणाली नाही. तिने शेजारी भिंतीवर खडूने लिहिले, 'बाबांचे स्टूल डुगडुगते म्हणून.'

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी, जड वस्तू असेल. ती हलवा, जरूर हलवा. पडून राहण्यापेक्षा चार खांब सरकलेले बरे. पण तिच्या पायाखाली काय आहे ते पाहा, आणि ते ज्याने ठेवले त्याला, तो समोर बसलेला आहे तोवरच, का म्हणून विचारा. आणि जाताना दाराजवळच्या डब्यातले दोन थेंब तेल माझ्या पाठीवर सोडा, त्या गंजाच्या डागाजवळ. बाह्या मात्र दुमडूनच.