लाल गाडीतली गोल बटणं

आमचे हे गाडीतला एसी डोळे मिटून लावत होते. शोरूममधला टायवाला सेल्समन दाराशी उभा राहून मायलेजची गाथा सांगत होता. त्याला वाटलं, साहेबांना मऊ सीटवर डुलकी लागली. मला मात्र काय चाललंय ते लगेच कळलं. हे सराव करत होते.

यांनी जन्मभर शाळेची व्हॅन चालवली. गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधीच हॉर्न द्यायचे, म्हणून मुलं यांना हॉर्नकाका म्हणायची. भांडण झालं की मीसुद्धा हॉर्नकाकाच म्हणते. गेल्या वर्षी व्हॅन एका फाटकाच्या खांबाला घासली. कुणाला साधं खरचटलं नाही, पण खांब आपल्याला दिसलाच नव्हता, हे यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून किल्लीला हात लावला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडांकडून आत आत बुजत जाणार, शेवटी मधलंही जाणार. औषध नाही. कधी, एवढंच काय ते त्यांना नक्की सांगता येईना.

मग गाडी मी शिकायची असं ठरलं. या वयात, आणि या गुडघ्यावर. माझा डावा गुडघा केव्हाच कामातून गेलेला आहे, आणि क्लच नेमका डाव्या पायाच्याच वाट्याला येतो. एकदा चढावरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून सगळ्यांनी हॉर्नचा नुसता उच्छाद मांडला. हे मागच्या सीटवर बसले होते, एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी हात टेकले आणि मला ऑटोमॅटिकवर बसवलं. त्यावर मात्र मला लायसन्स मिळालं.

आमच्या खिशाला झेपतील अशा छोट्या गाड्या दोनच होत्या. एक लाल, एक पांढरी. लाल गाडी ऑटोमॅटिकमध्येही मिळते, असं फोनवर सांगितलं होतं, म्हणून आधी तिकडे गेलो.

ती गाडी यांना बघताक्षणी आवडली असं मी म्हणणार नाही, कारण बघण्याचा तिथे संबंधच नव्हता. हे शेजारच्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि हात पुढे केला. एसीची तीन गोल बटणं होती, मुठीत मावतील अशी. फिरवली की कट्, कट् असा आवाज. पंखा किती वाढला ते आवाजावरून कळायचं. गाण्यांचं बटण त्याच्या वर, तेही गोल. सीट मागे घ्यायचा दांडा, काच खाली करायची कळ, पुढच्या खणाचा खटका, सगळं यांनी एकेक करून शोधलं, सोडलं आणि पुन्हा शोधलं. दुसऱ्या वेळी हात कुठेही अडखळला नाही.

"एसी आणि गाणी माझ्याकडे," हे डोळे उघडून म्हणाले. "तू नुसती चालव."

व्हॅन विकल्यापासून यांनी पहिल्यांदाच कुठलं काम अंगावर घेतलं होतं. मला इतका आनंद झाला की मी सेल्समनला लगेच ऑटोमॅटिक दाखवायला सांगितली. तो टायशी चाळा करत म्हणाला, ती आता बंद झाली, पण हिचे गिअर लोण्यासारखे आहेत, मॅडमना कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, मॅडमच्या गुडघ्याला कळेल. तो हसला. हे हसले नाहीत.

पांढऱ्या गाडीच्या शोरूममध्ये एक चुणचुणीत मुलगी होती. तिने सोयींचा पाढाच वाचला. किल्ली पर्समध्ये राहू दे, बटण दाबलं की गाडी सुरू. आरसे आपोआप मिटतात. दिवे आपोआप लागतात. मागे घेताना मागचं सगळं पडद्यावर दिसतं. माझी सीट वर करून दिली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला बॉनेट नीट दिसलं. आणि एसी, गाणी, सगळं त्या पडद्यावर. नुसती गुळगुळीत काच.

यांनी डोळे मिटून हात पुढे केला. बोट काचेवरून घसरलं आणि फोन उघडला. पुन्हा लावलं, तर गाणं कानठळ्या बसतील इतकं मोठं झालं. मुलीने धावत येऊन ते बंद केलं. बटणं कुठे आहेत, असं यांनी विचारलं. बटणं आता कोण देतं काका, ती म्हणाली, पण तुम्ही गाडीला बोलून सांगू शकता. हे सरसावून बसले. बोलायच्या आधी एक कळ दाबावी लागते, असंही ती म्हणाली. ती कळ स्टिअरिंगवर होती.

"म्हणजे मी हिला सांगायचं, हिने कळ दाबायची, आणि मग मी गाडीला सांगायचं," हे म्हणाले.

मुलीला तो विनोद वाटला. मीही हसले, दुसरं काय करणार?

मग मी ती चालवून पाहिली. क्लच नव्हताच, गुडघा दुखला नाही. चढावर थांबले, निघाले, काही झालं नाही. मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावली, एका दमात. मी खूश झाले होते आणि ते मला लपवता येईना. स्वतःचाच राग आला.

घरी आल्यावर मी लाल गाडीचा हट्ट धरला. गुडघ्यात इंजेक्शन घेईन, पुन्हा क्लास लावीन, असं काय काय म्हटलं.

"चढावर पुन्हा अडकलीस तर मी खाली उतरून काय करणार?" यांनी विचारलं. "कुठल्या बाजूने गाड्या येतायत, तेही मला दिसायचं नाही."

पांढरी आली. मी हार मानणारी नव्हते. रबराचे बारीक ठिपके आणले आणि पडद्यावर एसीच्या जागी चिकटवले. यांचं बोट बरोबर ठिपक्यावर गेलं, पण एसीऐवजी नकाशा हलला. गाणी लावली की पडदा बदलतो, नकाशा लावला की पुन्हा बदलतो. ठिपका जागच्या जागी, खालचं बटण पसार. हे आठवडाभर नेटाने प्रयत्न करत राहिले. मग एके सकाळी ठिपके मला खणात सापडले, नीट खरवडून काढलेले. तेव्हापासून हे गाडीत हात मांडीवर ठेवून बसतात.

काल डॉक्टरांकडे जायचं होतं. आता यांना समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चालली आहे. बाहेर अंगाची लाही होत होती. मी गाडीत बसले आणि पाहिलं, तर हे स्वेटर घालून आलेले. हिवाळ्यातला, जाड, पार गळ्यापर्यंत. मी म्हटलं, हॉर्नकाका, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं का. अशी थट्टा यांना चालते. उलट, ती न केलेली चालत नाही.

"चालवताना तुला घाम फुटतो, म्हणून तू एसी जोरात लावतेस," हे शांतपणे म्हणाले. "मला गारठलं की तुला सांगावं लागतं. मग तू काचेत बघत बटण शोधतेस."

"मग शोधलं तर काय झालं?"

"तेवढा वेळ समोर कोणीच बघत नसतं."

मी एसी कमी केला. वाऱ्याचा आवाज उतरलेला यांना कळला, वाढव म्हणाले. मी वाढवला. यांनी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या आणि हात मांडीवर ठेवले.

गल्लीच्या तोंडाशी मी हॉर्न द्यायला विसरले. हे काही बोलले नाहीत.