दुसरी नळी

अंबूबाईनं कैरीची फोड तिखटमिठात घोळवली आणि विकासच्या नाकासमोर धरली.

"खायची न्हाई. नुसती बघ, आन थुंक."

विकास तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. भुशी गावाच्या खालच्या अंगाला एका रिसॉर्टवर नोकरीला होता आणि कामाला निघताना वाटेतच चुलतीच्या तावडीत सापडला होता. त्यानं हातातल्या प्लास्टिकच्या नळीकडे केविलवाणं पाहिलं.

"काकी, सकाळीच दिली की मी थुंकी. गच्च भरून."

"सांडली ती. मांजर आडवं आलं."

"मांजर कुटंय तुज्याकडं?"

"शेजारचं व्हतं. चौकशा पुरं, थुंक!"

कैरीनं आपलं काम चोख बजावलं. नळी खुणेपर्यंत भरली, विकासला बक्षीस म्हणून फोड मिळाली आणि तो मिटक्या मारत गेला. सांडलं-बिंडलं काही नव्हतं. विकासची नळी डब्यात सुखरूप होती. ही नळी अंबूबाईच्या अमृतची. त्यानं सकाळी मन लावून भरलेली थुंकी तिनं मोरीत ओतली होती आणि नळी तीनदा विसळली होती. नळीवर नाव नव्हतं, नुसत्या काळ्या रेघा होत्या. कोण ओळखणार? तिनं ती अमृतच्या पाकिटात सरकवली आणि देवाला हात जोडले. आता या कामात देवाला तरी कशाला ओढायचं, पण सवय जाते थोडीच.

हा सगळा उपद्व्याप राजेश्वरी डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्यामुळे झाला होता. अंबूबाईचा सासरा पोटाच्या कॅन्सरनं गेला, मग धाकटा दीर गेला आणि दोन वर्षांमागे तिचे मालक अंबाजीही गेले. एका घरात इतकी माणसं का जातात, याचं संशोधन करायला पुण्याहून ही बाई आली होती. पाणी कुठलं पिता, तंबाखू किती खाता, खारवलेलं किती, हजार प्रश्न. आणि शेवटी म्हणाली, "घरातल्या मुलांची थुंकी तपासू. त्यात बाप-आज्याची खूण सापडते."

बाप-आज्याची खूण! अंबूबाईच्या काळजात चर्र झालं. कारण अमृत तिच्या पोटचा नव्हता. माहेरी बाळंतपणात तिचं मूल गेलं. त्याच आठवड्यात भावजय शकूबाईला चौथा मुलगा झाला होता. शकूबाईनं तो नणंदेच्या ओटीत घातला. अंबाजी न्यायला आले, त्यांनी पोराला उचललं, "चला घरी" म्हणाले आणि तो विषय तिथेच संपला. भुशीत याची कुणाला गंधवार्ता नव्हती, अमृतला तर नाहीच, अशी तिची खात्री होती. आता तेवढ्या थुंकीपायी पोर परका व्हायचा, या धास्तीनं तिचा जीव अर्धा झाला होता.

दोन महिन्यांनी राजेश्वरीबाई रिपोर्ट घेऊन आल्या. ओट्यावर बसून त्यांनी नीट समजावलं. पोटाच्या अस्तरातल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा एक जीन असतो, तो या घराण्यात बिघडलेला आहे. बापाकडून तो निम्म्या मुलांत उतरतो, निम्म्यांत नाही. विकासमध्ये उतरला आहे आणि अमृतमध्येही.

"म्हणजे कॅन्सर झाला असं नाही," त्या म्हणाल्या. "पण धोका मोठा आहे. दरवर्षी दुर्बीण घालून तपासायचं. नाहीतर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जठरच काढून टाकायचं."

अंबूबाईनं अमृतकडे पाहिलं. अमृतची धरणाच्या वाटेवर भज्यांची गाडी. पहिला घाणा गिऱ्हाइकाला नाही, स्वतःला. असल्या माणसाचं जठर काढायचं?

आणि हा शहाणा हसत होता! रिपोर्ट घडी करून त्यानं खिशात ठेवला. गाडीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, न्हाव्याला दाखवला, अंबाजींच्या फोटोपुढे तर उघडून धरला.

"आबांचंच आलंय माज्यात," म्हणायचा, जसं काही घड्याळ मिळालंय.

विकासनं बिचाऱ्यानं दुर्बीण घालून घेतली. सगळं ठीक निघालं, दरसाल तपासायचं ठरलं. अमृत मात्र पेटलाच होता. काढूनच टाकतो म्हणाला आणि तारीखही घेऊन आला. अंबूबाईचं अन्न तुटलं. रोज रात्री सांगायचं ठरवायची आणि रोज सकाळी जीभ टाळ्याला चिकटायची.

शेवटी पुण्याच्या दवाखान्यात, राजेश्वरीबाईंच्या टेबलापुढे अमृतशेजारी बसल्यावर तिला राहवेना.

"बाई, अमृतच्या नळीतली थुंकी विकासची हाय," ती एकदाची म्हणाली. "कैरी दावून काढली मी."

राजेश्वरीबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "मावशी, पण का?"

अंबूबाई फरशीकडे बघत बोलली. "ह्यो माज्या पोटचा न्हाई. माज्या भावाचा हाय. कळलं तर जाईल सोडून, म्हनून..." तिनं पदर तोंडाला लावला.

अमृत मात्र दचकला नाही. त्यानं खिशातून तो रिपोर्ट काढला. घड्यांवर पार फाटायला आला होता.

"मला ठावं हाय, आये. शकूमामीनं दहावीत व्हतो तवाच सांगितलंय."

"आन मग मुडद्या, जठर काढायला कशाला निगालास?"

"ह्यो कागद आला..." त्यानं कागद उलगडला. "म्हनलं, मामी खोटं बोलली. मी आबांचाच हाय."

आणि तो एवढा थोरला बाप्या चक्क रडायला लागला. जठर वाचलं म्हणून रडणारा माणूस राजेश्वरीबाई पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. थुंकी पुन्हा तपासू, पण बहुतेक ऑपरेशन करायचंच नाही, म्हणाल्या. मग त्या घराण्याचा मोठा तक्ता उघडून बसल्या. अंबाजी-अंबूबाईपासून अमृतपर्यंत आलेली रेघ त्यांनी खोडली आणि तिथे बारीक बारीक तुकड्यांची नवी रेघ काढली.

"ही अशी का?" अंबूबाईनं मान पुढे काढली.

"पद्धत आहे, मावशी. ओटीत घेतलेल्या मुलाला तुटक रेघ."

अंबूबाईनं त्या रेघेकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"शाई संपली व्हय गं तुजी?"

तिनं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, उलथनं धरावं तसं मुठीत धरलं, आणि रेघेतली एकेक फट भरायला सुरुवात केली.

अमृतनं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि तक्त्यावर वाकला.

"आये," तो म्हणाला, "जरा जाड काढ."