पडणं हेच माझं काम होतं

मित्रांनो, क्षणभर असं समजा, की शाळेत तुम्हाला एकच काम नेमून दिलं आहे. वर्गाच्या दाराशी उभं राहायचं आणि आत गर्दी फार झाली की दार लावून घ्यायचं. तुम्ही ते चोख करता. पण दार लावलं की सगळे तुमच्यावर ओरडतात, आणि दार उघडं असतं तेव्हा तुमच्याकडे कुणी बघतही नाही. मग एक दिवस तुम्हाला हाकलून देतात. तुमच्या जागी दुसरा आणतात, जो कितीही गर्दी झाली तरी दार लावत नाही. त्याचं मात्र कौतुक होतं. कसं वाटेल? ते मनात ठेवा, आणि मग माझं ऐका.

मी एक जुना एमसीबी आहे. घरातल्या मीटरजवळच्या पेटीत एका ओळीत बसलेले खटके तुम्ही पाहिले असतील. त्यांतलाच मी एक. माझ्या पोटात दोन धातू एकाला एक चिकटवून केलेली एक पातळ पट्टी आहे. माझ्यातून ठरलेल्यापेक्षा जास्त वीज बराच वेळ वाहिली, की ती पट्टी तापते, वाकते आणि आतला अडसर सोडवते. खटका खाली पडतो, वीज बंद. अचानक फार मोठा लोंढा आला तर त्यासाठी आत तारेचं एक वेटोळंही आहे, ते मला डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडतं. माझ्या अंगावर 'सी दहा' असं छापलेलं आहे. दहा म्हणजे दहा अँपिअर. सी म्हणजे पंखा किंवा मोटर सुरू होताना जो पहिला हिसका बसतो, तेवढा मी सोसतो.

कारखान्यातून मी खोक्यात बसून रोह्याला आलो, दाजीशेटच्या विजेच्या सामानाच्या दुकानात. तिथे एका सकाळी गुणाजी वायरमन आला. तो जिते गावचा, पण त्याची सगळी कामं पेणला, गणपतीच्या कारखान्यांतून.

"बत्तीसचा ने गुणाजी," दाजीशेट म्हणाले. "एकदा लावलास की पडायचं नाव नाय."

गुणाजीने खिशातून बोटभर वायरीचा तुकडा काढला आणि काउंटरवर ठेवला. "ही वायर बघा शेट. दीडची हाय, बारीक. हिच्या जिवाला दहा बास. एमसीबी माणसासाठी नाय घेत, वायरीसाठी घेतात. आधी वायर बघायची, मग दिवे मोजायचे, आणि मग आकडा."

"पण सारखा पडला तर गिऱ्हाईक शिव्या घालील तुला."

"मला नाय घालणार," गुणाजी मला टिचकी मारत म्हणाला. "याला घालील."

दाजीशेट हसले. मलाही तेव्हा ती थट्टाच वाटली.

पेणला कमळाकरशेटच्या कारखान्यात त्याने मला बसवलं. लांबलचक कौलारू पडवी, दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर गणपती. कुणी पांढरे, कुणी अर्धे रंगलेले. माझ्या वाट्याला पाठीमागच्या भिंतीवरची एकच वायर होती. तिच्यावर काही दिवे, दोन पंखे आणि रंगाच्या फवाऱ्याची छोटी मोटर. त्या वायरीची आणि माझी अठरा वर्षांची सोबत झाली. ती प्लास्टिकच्या पट्टीत झाकलेली होती, तिचं दुखणं बाहेर कुणाला दिसणारं नव्हतं. ते फक्त मला कळायचं. तिच्यासाठीच तर मी होतो.

माझ्यासमोरच्या कोपऱ्यात इंदुबाई बसायच्या. मूर्तीचं सगळं झालं, की शेवटी डोळे काढायचे. त्याला आखणी म्हणतात, आणि त्या कारखान्यातली सगळी आखणी इंदुबाईंच्या उजव्या हाताची. चार केसांचा कुंचला, रोखलेला श्वास, एक ओढ, आणि मातीचा गोळा तुमच्याकडे बघू लागायचा. बाकी कामाला माणसं मिळत. या हाताला दुसरा हात नव्हता. इंदुबाईंचं घर त्या हातावर चालत होतं, आणि कमळाकरशेटचं नावही.

इंदुबाईंचा एक नेम होता. एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. "एका डोळ्याचा देव ठेवायचा नाय," त्या म्हणायच्या. पाहुणा येवो, जेवण निवो, त्या उठत नसत. शेजारी त्यांची भाची सरू बसायची. लहान पोर, शाळा सुटली की इथेच. रद्दीच्या कागदावर ती डोळे गिरवायची. कागदभर डोळे, सगळे जरा तिरळे.

"गो सरू, हा कुणाकडं बघतोय?" इंदुबाई विचारायच्या.

"तुझ्याकडं, आत्ये."

"आणि दुसरा?"

"तो दाराकडं. जेवायची वेळ झाली ना."

अशी वर्षं बरी गेली. मी क्वचितच पडायचो. पडलो तर गुणाजी यायचा, काय जास्तीचं लावलं ते शोधायचा, ते काढायचा आणि मला पुन्हा वर करायचा. मग त्याचे हात कापू लागले, शिडी चढवेना. तो लेकीकडे निडीला राहायला गेला. त्याच्यामागे काम आलं दुसऱ्या वायरमनकडे, केरूकडे. केरू वाईट नव्हता. फक्त त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे.

आणि मग हॅलोजन आले. श्रावणात हवा ओली असते, रंग लवकर सुकत नाही, आणि चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. कमळाकरशेटनी मूर्ती सुकवायला पाचशे पाचशे वॉटचे चार दिवे आणले. एकेक दिवा दोन अँपिअरहून थोडी जास्त वीज ओढायचा. चार दिवे मी सोसले. वायरीनेही सोसले. पुढच्या वर्षी त्याच वायरीवर सात झाले. मी दहा-पंधरा मिनिटं दम धरायचो. पट्टी तापायची, वाकायची, आणि मी पडायचो.

"पडला बघ मेला."

हे माझं नाव झालं. येताजाता जो तो मला थडाथड वर करायचा. काळुराम नावाचा एक कामगार तर मला काठीने वर ढकलायचा, हात लावायचाही त्याला कंटाळा. एकानेही दिवे मोजले नाहीत. मी काय सांगतो आहे ते विचारायला गुणाजी तिथे नव्हता, आणि मला तर पडण्यापलीकडे बोलता येत नव्हतं.

एका पावसाळी दुपारी इंदुबाई डोळा काढत असताना मी पडलो. अंधार झाला, कुंचला घसरला, रेघ गालावर गेली. ती मूर्ती पुन्हा पांढरी करावी लागली. इंदुबाई कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी त्यांनी कुंचला पाण्यात टाकला आणि म्हणाल्या, "शेट, एक तर ह्यो राहील नायतर मी."

मित्रांनो, ज्या हातासाठी मी पडत होतो, त्याच हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. ते मी अजून विसरलो नाही.

शेटनी केरूला बोलावलं. "मोठा लाव. आपण दीड फुटी मूर्ती सांगितली तर नऊ इंची देतो का? मग ह्यो दहाचा लहानगा इथं कशाला?"

त्या कारखान्यात सगळं उंचीवर ठरायचं. मूर्ती जितकी मोठी तितका मान. त्यांनी माझा आकडाही तसाच वाचला. मोठा आकडा म्हणजे दणकट. वायर किती जाड आहे, हे मोजायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

"शेट, वायर बारीक हाय," केरू पुटपुटला.

"वायर काय पडते का? पडतो ह्यो."

केरूने मला उपटलं, बत्तीसचा बसवला आणि मला खिडकीतल्या मोडक्या कुंचल्यांच्या डब्यात टाकलं. सगळ्यांनी त्या नव्याला हळदकुंकू लावलं. दिवे सातांचे अकरा झाले. तो पडला नाही. त्याचं कौतुक झालं. त्याची तरी काय चूक? तो जाड वायरीसाठी जन्माला आला होता. बत्तीसच्या आत सगळं ठीक आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. भिंतीवर माझी जुनी वायर पंचवीस अँपिअर ओढत दिवसभर तापत होती. तिचं वरचं आवरण कडक होत चाललं, मग चिरू लागलं. मी डब्यात आडवा पडून होतो.

चतुर्थी आठ दिवसांवर आली. दुपारची वेळ होती. इंदुबाईंच्या मांडीसमोर शाडूची एक फूटभर मूर्ती होती, उजवा डोळा नुकताच झालेला.

"आत्ये, वास येतोय," सरू म्हणाली. "काय तरी जळल्यागत."

"रंगाचा असल."

"नाय गो आत्ये, रंगाचा असा नसतो. प्लास्टिकचा हाय. उठ ना."

"डावा होऊ दे. दोन मिन्टं."

मी तिथे असतो तर किती आधी पडलो असतो. पहिल्याच दिवशी, सातव्या दिव्याला.

भिंतीवरची प्लास्टिकची पट्टी फुटली. आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, लखकन उजेड झाला, आणि तेव्हा कुठे बत्तीसचा पडला. पडला, पण उशिरा. जळतं प्लास्टिक खाली पेंढ्यावर गळलं होतं. मूर्ती गाडीत भरताना लागतो म्हणून तो पेंढा तिथे भिंतीशी रचलेला होता. इंदुबाईंनी डाव्या हाताने सरूला दाराकडे लोटलं. स्वतः मात्र मूर्तीकडे वळल्या, आणि तिच्याभोवतीचा जळता पेंढा उजव्या हाताने बाजूला ओढू लागल्या. काळुरामने त्यांना कमरेला धरून बाहेर ओढलं, तेव्हा मूर्ती त्यांच्या डाव्या कवेत होती.

सगळी माणसं वाचली. एक भिंत आणि तिच्यावरच्या फळ्या गेल्या. सामान बाहेर फेकताना माझा डबाही अंगणात आला. सरूने मला चिखलातून उचललं, फ्रॉकला पुसलं आणि खिशात टाकलं.

इंदुबाईंचा हात भरून आला, पण बोटं आखडली. पेला धरता येतो. चार केसांचा कुंचला धरता येत नाही.

लोक म्हणाले, शॉर्टसर्किट झालं. मोठा सोयीचा शब्द आहे हा, मित्रांनो. त्यात कुणाचंच नाव येत नाही. शेट म्हणाले शॉर्टसर्किट, केरूही म्हणाला शॉर्टसर्किट.

दिवाळीनंतर गुणाजी निडीहून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आधी इंदुबाईंच्या हाताशी बसला, मग भिंतीशी उभा राहिला. जळक्या वायरीचं टोक त्याने चिमटीत धरलं.

"दहाचा कुठं हाय?"

सरूने खिशातून मला काढलं.

केरूने नवी वायर ओढली. गुणाजी स्टुलावर बसून सांगत होता. आखणीच्या कोपऱ्याला दीडची वायर आणि दहाचा एमसीबी. सुकवायच्या दिव्यांना वेगळी जाड वायर, तिला तिच्या जोगा वेगळा.

"ती वेगळी वायर बघू पुढं," शेट म्हणाले. "आणि परत दहाच? परत पडंल की."

"पडाया पायजे," गुणाजी म्हणाला. "हा म्हातारा झालाय. पडतो का तेच आधी बघू. नाय पडला तर दुसरा नवा दहाचाच आणायचा."

मला बसवलं आणि सात हॅलोजन लावले. माझी पट्टी तापू लागली. अठरा वर्षांत मी इतका घाबरलो नव्हतो. एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. बाराव्याला पट्टी वाकली आणि मी पडलो. खट. अंधार.

त्या अंधारात पहिल्यांदा कुणी मला शिवी दिली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. तो पडला तर त्याला लगेच वर ढकलू नका. आधी मोठ्यांना बोलवा आणि विचारायला लावा, की हा का पडला. काय जास्तीचं लावलं? कुठे गरम झालंय? वास येतोय का? आणि त्याला बदलायची वेळ आलीच, तर आकडा निवडण्याआधी त्यांना भिंतीतल्या वायरीकडे बघायला सांगा. माझं ऐकायला त्यांना एक हात खर्ची घालावा लागला. तुम्ही तेवढं थांबू नका.

त्या दिवशी मी पडलो तेव्हा कोपऱ्यात फडक्याखाली ती एका डोळ्याची मूर्ती अजून होती. इंदुबाईंनी ती विकू दिली नव्हती, विसर्जनालाही दिली नव्हती. त्यांनी डाव्या हाताने फडकं काढलं.

"सरू, ये. बस हितं."

"माझा तिरळा येतो आत्ये."

"येऊ दे. माझाबी पयला तिरळाच आलता." मग त्या म्हणाल्या, "आणि वास आला तर कुंचला टाकून उठायचं. डोळा अर्धा ऱ्हायला तरी चालंल."

सरू उठली. तिने एकेक करून तीन हॅलोजनचे प्लग काढले आणि उरलेले बोटाने मोजले. चार. मग स्टुलावर चढून तिने मला काठीने नाही, हाताने वर केलं. दिवे लागले. ती तशीच उभी राहिली, मी राहतो का ते बघत. मी राहिलो. तेव्हा ती खाली उतरली, मूर्तीसमोर बसली, श्वास रोखला आणि चार केसांचा कुंचला उचलला.