सतरावी पेटी

डोंगर उभा राहिला की त्याच्या ओझ्याने शेजारची जमीन वाकते, खचते, आणि डोंगरावरून झिजून आलेला गाळ त्या खोलगटात भरत राहतो. एवढंच लोकांना समजावून सांगायला ताईला एक तास आणि चाळीस चित्रं लागतात. मला एक गादी पुरते. लहानपणी आम्ही दोघी एकाच गादीवर झोपायचो. ती बसली की मी तिच्याकडे घरंगळायचे, आणि तिने खाल्लेल्या बिस्किटांचा चुराही माझ्याच अंगाखाली जमायचा.

मोठेपणीही वाटणी तीच राहिली. ताईने डोंगर घेतला, मी खोरं. ती दोर बांधून कडे चढते, तिचे फोटो छापून येतात. मी संस्थेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसते. खोऱ्यात भोक पाडून काढलेल्या खडकाच्या कांड्या धुते, पुसते आणि खोलीच्या क्रमाने पेट्यांत लावते. मी फोन केला तरी आई आधी ताईची खुशाली विचारते. मी जळते, आणि चांगली जळते. सांगायला लाज कसली?

त्या दुपारी ताई संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीसमोर उभी राहणार होती. लोक मानतात त्याच्या बऱ्याच आधी डोंगर उठायला लागला, असं तिचं म्हणणं. ते पटलं तर नवी प्रयोगशाळा तिची. पुरावा मात्र माझ्या पेट्यांत होता. खाली उथळ पाण्यातली वाळू, वर एकदम खोल पाण्यातला चिखल. म्हणजे खोरं तिथे अचानक खचलं, म्हणजेच शेजारी डोंगराचं ओझं आलं.

सकाळी पेट्या पुसताना सतराव्या पेटीशी हात थांबला. हा बदल जिथे दिसायला हवा, नेमक्या त्याच पेटीत वाळू वर होती आणि चिखल खाली. मी भिंग लावलं. पाण्यात जाड कण आधी तळाला बसतात, बारीक नंतर. इथे प्रत्येक थरात जाड कण वरच्या बाजूला. कांड्या उलट्या लागल्या होत्या. पेटीवरची तारीख वाचली आणि सगळं आठवलं. त्या दिवशी ताईला पदक मिळालं होतं. येणारा-जाणारा माझंच अभिनंदन करत होता, आणि मी दातओठ खात कांड्या आदळत होते.

पेट्यांचे फोटो समितीकडे आधीच गेले होते. मी ताईला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ते हेच, कळत होतं. म्हटलं, जाऊ दे नाक. शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी सतरावी पेटी पडद्यावर लावायला सांगितली. खोरं खचलं म्हणता, मग इथे पाणी उथळ कसं होत गेलं, असं त्यांनी विचारलं. मला आतून गुदगुल्या झाल्या.

ताई जराही गडबडली नाही. तिने थरांतले जाड कण दाखवले, कांड्या उलट्या लागल्याचं समजावलं. सुलटा केलेला फोटोही तिच्याकडे तयार होता. तिला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. बाईंचं समाधान झालं. मग त्यांनी सहज विचारलं, पेटी लावली कोणी?

ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "बघायला म्हणून कांड्या काढल्या होत्या, परत ठेवताना उलट्या ठेवल्या."

खोलीत कुजबुज झाली. केवढा मोठेपणा, चूक कशी सरळ कबूल केली, असं माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. डोंगर तिचा, पदक तिचं, आईसुद्धा तिचीच. आणि आता माझी चूकही तिने घेतली.

मी उभी राहिले.

"ती पेटी मी लावली," मी म्हणाले. "वरचं अक्षर माझं आहे. चूक माझी आहे."

ताईचे डोळे भरून आले. धाकटी आपल्यासाठी उभी राहिली, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. त्या खोलीत माझं म्हणण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते मी तिला देणार नव्हते.