सगळीकडे चालणारा

मी टायर बोलतोय. जीपचा, मागच्या उजव्या चाकाचा. सध्या मला चाक नाही, रिम नाही, पोटात हवाही नाही. काटोलच्या पुढच्या एका गावच्या स्मशानात शेडच्या खांबाला मला टेकवून ठेवलंय. समोर लाकडं रचून झालीत, पण पावसाची झड थांबत नसल्यानं ती चिंब आहेत. मला इथे कशाला आणलंय ते मी ओळखलंय. तेवढ्या वेळात माझी गोष्ट सांगून टाकतो.

जन्म कारखान्यातला. रबर आणि तारा साच्यात घालून भाजल्या की आमची जात तयार होते. माझ्या अंगावर खाचा पाडल्या त्या बेताच्याच. रस्त्याच्या टायरइतक्या उथळ नाहीत, चिखलाच्या टायरइतक्या खोल नाहीत. म्हणजे मी सगळ्यांचा थोडाथोडा आणि पुरता कुणाचाच नाही. पण नागपूरच्या दुकानात दुकानदार वामनरावांनी मला गिऱ्हाइकापुढे उभं केलं आणि म्हणाले, "हा घ्या भाऊ. डांबर, गिट्टी, रेती, सगळीकडे चालते." माझी छाती फुगली.

गिऱ्हाईक होते धम्मानंद. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत सुपरवायझर आणि एका जुन्या जीपचे हौशी मालक. सोबत बायको, दीप्ती. तिनं शेजारच्या चिखलाच्या, जाड गुट्ट्यांच्या टायरवर हात ठेवला.

"हे घ्या नं. माह्या आईच्या गावचा रस्ता काळ्या मातीचा आहे. पावसात पाय टाकला का चप्पल तिथंच राहते."

"अवं, आईकडं वर्षातून किती खेपा होते आपल्या?" धम्मानंद हसले. "रोजचं तर बुटीबोरीच आहे. हे टायर डांबरावर असे घुरघुरते का बोललेलं ऐकू येत नाही."

हिशेबानं त्यांचं काही चुकलं नव्हतं. सगळेच टायर घेतात ते रोजच्या रस्त्यासाठी.

उन्हाळ्यात आम्ही सासुरवाडीला गेलो. तेव्हा तीच माती दगडासारखी टणक होती. जीप थेट दीप्तीच्या आईच्या, सिंधूताईंच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्या हात पदराला पुसत आल्या आणि बैलाला थोपटावं तसं त्यांनी मला थोपटलं. एवढ्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

"आता कवाबी बोलवा आई," धम्मानंद म्हणाले. "हे टायर कुठंबी येते." शेजारचे नानाजी तंबाखू मळत ऐकत होते.

काल सिंधूताईंच्या छातीत कळ आली. आम्ही काटोललाच होतो, दीप्तीच्या मावसबहिणीकडे. नानाजींचा फोन आला.

"जवाईबापू, अँब्युलन्स डांबरीवर येते म्हणते, आत येत नाही. आम्ही खाटेवर घालून नेतो तिथपर्यंत."

"पावसात नका हलवू आईले!" धम्मानंद ओरडले. "मी निघूनच राहिलो. जीप थेट दारात येते."

लोकांनी उचललेली खाट खाली ठेवली.

डांबर संपलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काळी माती माझ्या खाचांत शिरली ती निघेचना. खाचा भरल्या की टायर कसला, नुसता गुळगुळीत गोळा. जीप आडवी घसरून शेताच्या धुऱ्याला टेकली. धम्मानंदांनी माझ्याखाली दगड कोंबले आणि पुन्हा रेस केली. एका टोकदार दगडानं माझी कूस फाडली. हवा गेली.

दीप्ती केव्हाच चप्पल टाकून गावाकडे पळाली होती. परतली ती खाटेसोबत, आईच्या तोंडावर प्लॅस्टिक धरून. चौघांच्या खांद्यावरून खाट जीपला वळसा घालून पुढे गेली. धम्मानंद वाट देत चिखलात उभे राहिले.

डांबरीवर अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी सिंधूताईंचा हात पाहिला आणि हळूच खाली ठेवला. नानाजी कुणाकडेही न बघता म्हणाले, "आम्ही तर उचललीच होती."

 

आज सकाळी पंक्चरवाल्यानं मला रिमवरून काढलं आणि मान हलवली. आता इथे बुद्धवंदना म्हणून झालीय, पण लाकूड पेट घेत नाही. पावसाळ्यात अशा वेळी काय करतात ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीतरी हळूच म्हणालं, "टायर टाकल्याबिगर जमत नाही."

"हा नको," धम्मानंद म्हणाले. "दुसरा पाहा नं कुठं."

"काहून नको?" दीप्तीचा आवाज चढला नाही. "काल दारापर्यंत पोचला नाही. आज तरी आईच्या कामी येऊ द्या."

धम्मानंदांनी मला स्वतः उचललं. ते अजून रडलेले नाहीत, आणि मला त्यांची काळजी वाटते.

ऐकणाऱ्यांनो, दुकानात तुम्हाला विचारतील, गाडी कुठे चालवता? तेव्हा रोजचा रस्ता सांगून मोकळे होऊ नका. आपलं माणूस जिथं राहतं, तो रस्ता आधी सांगा. आणि आमच्यासारख्याच्या भरवशावर कुणाला उचललेली खाट खाली ठेवायला लावू नका.

लाकडांमध्ये जागा करून मला ठेवलंय. डिझेल ओतलंय. आता मला एवढंच नीट जमू दे, लवकर पेटायचं.